टॅलीप्राइमचा ताळेबंद: डावीकडची बेरीज आणि खरी देणी

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी असो, तासगावकडचे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज असो की कुपवाड एमआयडीसीतला कारखाना, हिशेबाच्या टेबलावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर असतेच. बिलिंग कसे होते, जीएसटीचे काम किती सुटसुटीत निघते, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. इथे एकच गोष्ट तपासायची आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीवर ३१ मार्चला एकूण देणे किती, हे टॅलीप्राइमच्या ताळेबंदावरून नीट कळते का?

कळते. पण ताळेबंद उघडल्यावर तळाशी ठळक दिसणारा आकडा एकूण देण्यांचा नसतो. त्या आकड्यापासून खऱ्या देण्यांपर्यंत जायला तासाभराचे काम आहे, आणि ते काम सॉफ्टवेअर आपणहून करत नाही.

गेटवे ऑफ टॅली या मुख्य पडद्यावरून बॅलन्स शीट, म्हणजे ताळेबंद, उघडली की डाव्या बाजूला 'लायबिलिटीज' (देणी) असे शीर्षक येते. खाली साधारण चार ओळी: कॅपिटल अकाउंट (भांडवल), लोन्स लायबिलिटी (कर्जे), करंट लायबिलिटीज (बारा महिन्यांच्या आत फेडायची चालू देणी), प्रॉफिट अँड लॉस अकाउंट (नफा). त्याखाली बेरीज. ही बेरीज उजवीकडच्या मालमत्तेच्या बेरजेइतकीच असते आणि असायलाच हवी, कारण तिच्यात भागधारकांचे भांडवल आणि साठलेला नफाही आहे. बाहेरच्यांना देणे असलेली रक्कम हवी असेल तर भांडवल आणि नफा वजा करावा लागतो. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात या बाजूचे नावच 'इक्विटी अँड लायबिलिटीज' (मालकांचे भांडवल आणि देणी) आहे, त्यामुळे तिथे हा घोळ कमी होतो. टॅलीच्या शीर्षकात इक्विटीचा उल्लेखच नाही. एका शब्दाची काटकसर, पण 'आमची देणी सव्वापाच कोटी' असे सांगणारे संचालक भेटतात ते याच काटकसरीमुळे.

म्हणून पहिले काम म्हणजे पडद्याची मांडणी. ऑल्ट आणि एफ ५ दाबले की गटांखालचे उपगट उघडतात. एखाद्याच ओळीचा तपशील हवा असेल तर तिच्यावर जाऊन शिफ्ट आणि एंटर. एफ २ ने तारीख ३१ मार्चवर आणावी. एफ १२ मध्ये उभा ताळेबंद दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू केला की मांडणी कायद्याच्या नमुन्याच्या थोडी जवळ जाते. त्याच यादीत वर्किंग कॅपिटलचे (खेळत्या भांडवलाचे) आकडे दाखवण्याचा पर्याय आहे, तो मात्र बंदच ठेवावा. तो चालू असला की चालू देणी मालमत्तेतून वजा होऊन एकच निव्वळ आकडा दिसतो आणि देण्यांची बाजू उगाच हलकी वाटते. कुणीतरी कधीतरी तो चालू करून ठेवलेला असतो आणि मग मागच्या वर्षाच्या प्रिंटशी काहीच जुळत नाही.

आता एक उदाहरण. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. बेदाणा साठवणारी आणि थोडी खरेदी-विक्रीही करणारी एक कंपनी. रकमा लाखांत:

कॅपिटल अकाउंट १४० (भागभांडवल ५०, राखीव ९०)
लोन्स लायबिलिटी २७५ (टर्म लोन म्हणजे हप्त्यांनी फेडायचे मुदतीचे कर्ज १६०, कॅश क्रेडिट म्हणजे मर्यादेपर्यंत हवे तेव्हा काढता येणारे बँकेचे कर्ज ७५, संचालकांकडून घेतलेले ४०)
करंट लायबिलिटीज ७५ (संड्री क्रेडिटर्स म्हणजे पुरवठादार वगैरे धनको ६२, ड्यूटीज अँड टॅक्सेस म्हणजे कर उणे ४, तरतुदी ९, पगार-वीज वगैरे ८)
प्रॉफिट अँड लॉस अकाउंट ३०
बेरीज ५२०

५२० मधून भांडवलाचे १४० आणि नफ्याचे ३० गेले की ३५० उरतात. बरेच जण इथे थांबतात. खरी मेहनत इथून पुढे आहे, कारण या ३५० मध्ये काही देणी दिसतच नाहीत.

संड्री क्रेडिटर्सचे ६२ हा निव्वळ आकडा आहे. ज्यांना आपण द्यायचे आहे आणि ज्यांना आपण उचल देऊन ठेवली आहे, ते सगळे याच एका गटात बसलेले असतात, आणि टॅली त्यांची वजाबाकी करून एक रक्कम दाखवते. या गटावर एंटर दाबले की प्रत्येक खात्याची शिल्लक नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) अशा दोन स्तंभांत दिसते, खाली दोन्हींच्या बेरजा असतात. उदाहरणात जमा बाजू ७४ आणि नावे बाजू १२ निघते. बॉक्सवाल्याला किंवा मालाच्या पुरवठादाराला दिलेली १२ लाखांची उचल हे आपले येणे आहे. दुसऱ्याच माणसाला द्यायच्या रकमेतून ते वजा करता येत नाही. देण्यांत १२ वाढले: ३६२.

ड्यूटीज अँड टॅक्सेसमध्ये हाच प्रकार, फक्त जास्त फसवा. या गटात भरायचा टीडीएस (दुसऱ्याला पैसे देताना कापून ठेवलेला आयकर), व्यवसाय कर, विक्रीवरचा जीएसटी आणि खरेदीवरची इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळणारी वजावट) असे सगळे एकत्र असते. यंत्रसामग्री घेतली त्या वर्षी इनपुट क्रेडिट मोठी साठते आणि गटाची शिल्लकच उणे होते. देण्यांच्या बाजूला उणे आकडा दिसला की अकाउंटंट खूश होतो, पण मार्च महिन्याचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत रोखीतच भरावा लागतो, तो जीएसटीच्या क्रेडिटमधून भरता येत नाही. इथे भरायचे ५ आणि क्रेडिट ९ होती, म्हणून उणे ४. क्रेडिटचे ९ मालमत्तेकडे गेले की देणी ३७१. विक्रीवरचा जीएसटी आणि खरेदीवरची क्रेडिट यांची आपसांतली वजावट कायद्याने चालते, ती तशीच ठेवावी. टीडीएसला मात्र त्यात ओढू नये. इनपुट क्रेडिटसाठी वेगळा उपगट करून तो करंट अॅसेट्सखाली ठेवला तर दरवर्षी हे करायला नको.

तिसरी जागा मालमत्तेच्या बाजूला आहे, म्हणून तिकडे कुणी पाहत नाही. संड्री डेटर्स या ऋणकोंच्या, म्हणजे ज्यांच्याकडून येणे आहे त्यांच्या, गटात ज्या व्यापाऱ्यांनी मालापोटी आगाऊ रक्कम पाठवली आहे त्यांची खाती जमा शिल्लक दाखवतात. बेदाण्यात आणि हळदीत परगावचे खरेदीदार सौदा पक्का करताना पैसे पाठवतात, माल नंतर जातो. तो माल जाईपर्यंत ती रक्कम आपले देणे आहे. टॅलीत ती येण्यांतून वजा होऊन दोन्ही बाजू कमी करते. डेटर्सवर एंटर दाबून जमा स्तंभाची बेरीज पाहावी. इथे १८ निघाले: ३८९.

उरलेली दोन देणी टॅलीत नोंदवलेलीच नसतात. पहिले ग्रॅच्युइटीचे. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो आणि दर सरत्या वर्षाबरोबर हे देणे वाढत जाते, पण कामगार सोडून जाईपर्यंत त्याचे व्हाउचर, म्हणजे टॅलीतली नोंद, पडत नाही. दुसरे, टर्म लोनवर चढलेले पण ३१ मार्चपर्यंत खात्याला न लागलेले व्याज. उदाहरणात ग्रॅच्युइटी ६ आणि व्याज १ धरले. एकूण देणी ३९६. या सात लाखांच्या नोंदी खर्चात गेल्यावर नफा ३० वरून २३ होतो. ताळा पाहायचा तर: देणी ३९६, भांडवल १४०, नफा २३, मिळून ५५९. मालमत्ता ५२० होती, तीत १२, ९ आणि १८ वाढून ५५९. जुळले.

पडद्यावर ५२०, झटपट वजाबाकीने ३५०, आणि खरी ३९६. भांडवल आणि नफ्याशी एकूण देण्यांचे प्रमाण ३५० धरून साधारण २.०६ येते, ३९६ धरून २.४३.

टॅलीचा रेशो अॅनालिसिस हा प्रमाणे काढून देणारा अहवाल दिसायला सुंदर आहे, पण या कामासाठी तो सर्वांत कमी भरवशाचा. त्यातले डेट-इक्विटी प्रमाण फक्त लोन्स लायबिलिटी भागिले भांडवल अधिक नफा असे काढलेले असते. इथे २७५ भागिले १७०, म्हणजे १.६२. धनकोंची देणी त्यात धरलेलीच नाहीत. कर्जाचे प्रमाण म्हणून हे चालेल, पण एकूण देण्यांचे प्रमाण म्हणून वाचू नये. बँकेच्या अर्जात टोटल आउटसाइड लायबिलिटीज (बाहेरच्यांची एकूण देणी) भागिले नेटवर्थ (भांडवल अधिक नफा) असा रकाना असतो, तिथे हा १.६२ उचलून लिहिणे चूक.

करंट रेशोचे, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी या प्रमाणाचे, तर आणखी वाईट. टॅलीत बँक ओडी (ओव्हरड्राफ्ट आणि कॅश क्रेडिटच्या खात्यांचा) हा उपगट लोन्स लायबिलिटीखाली येतो, करंट लायबिलिटीजखाली नाही. कॅश क्रेडिट मागितल्याक्षणी परत करायचे असते, म्हणजे ते चालू देणेच, तरी टॅलीच्या करंट रेशोच्या गणितात ते धरले जात नाही. आपल्या उदाहरणात चालू मालमत्ता २१० आहे आणि स्थिर मालमत्ता ३१०. टॅली २१० भागिले ७५ करून २.८ दाखवेल. बँकेचा माणूस हे पाहून हसतो. आता हाताने काढा. चालू देणी: ७५, त्यात १२, ९, १८ आणि व्याजाचा १, कॅश क्रेडिटचे ७५, शिवाय टर्म लोनचे पुढच्या बारा महिन्यांत भरायचे हप्ते, समजा ३२. बेरीज २२२. चालू मालमत्ता २१० अधिक ३९ (तेच १२, ९ आणि १८), म्हणजे २४९. प्रमाण १.१२. खेळत्या भांडवलासाठी बँका टंडन समितीच्या (बँकांनी असे कर्ज किती द्यावे हे सुचवणारी समिती) दुसऱ्या पद्धतीतून आलेला १.३३ चा दंडक आजही डोळ्यासमोर ठेवतात. २.८ समजून अर्ज करणारा आणि १.१२ समजून तयारीने जाणारा, यांना बँकेत मिळणारी वागणूक वेगळी असते.

त्यात संचालकांच्या ४० लाखांचा प्रश्न आहेच. टॅली त्यांना अनसिक्युअर्ड लोन्समध्ये (बिनतारणी कर्जांत) ठेवते आणि विषय संपवते. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार देणे किमान बारा महिने पुढे ढकलण्याचा बिनशर्त हक्क कंपनीला नसेल तर ते चालू देणे ठरते. संचालकाबरोबर परतफेडीचा लेखी करार नसेल, 'लागतील तेव्हा देऊ' असेच चालत असेल, तर ते मागताक्षणी देय समजावे लागते. मग चालू देणी २६२ आणि प्रमाण ०.९५. एक साधा करार आणि संचालक मंडळाचा ठराव करून ठेवला तर हेच ४० दीर्घ मुदतीत जातात. बँकेचे कर्ज फिटेपर्यंत हे पैसे काढणार नाही असे हमीपत्र दिले तर काही बँका ते भांडवलासारखे धरतातही. शिवाय प्रायव्हेट कंपनीत संचालकाकडून रक्कम घेताना ती त्याने स्वतः उसनी घेतलेली नाही असे लेखी घ्यावे लागते, नाहीतर ती ठेवींच्या नियमांत अडकते.

टर्म लोनची फोड टॅली आपणहून करत नाही, आणि इथे सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही, कारण परतफेडीचे वेळापत्रक त्याच्याकडे नसतेच. बँकेकडून ते घ्यावे आणि ३१ मार्चनंतरच्या बारा हप्त्यांतली मुद्दल वेगळी काढावी. २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२१ पासून ही रक्कम शॉर्ट टर्म बॉरोइंग्जमध्ये (अल्प मुदतीच्या कर्जांत) दाखवायची आहे, पूर्वीसारखी इतर चालू देण्यांत नाही. त्याआधी खात्याची शिल्लक बँकेच्या पत्राशी जुळवावी. हप्त्याची पूर्ण रक्कम कर्जखात्याला नावे टाकण्याची सवय फार रुजलेली आहे. त्याने व्याजाचा खर्च दिसत नाही आणि कर्ज भराभर फिटल्यासारखे वाटते. उलट पूर्ण हप्ता व्याजात टाकला तर वर्षानुवर्षे कर्ज जागेवरच. दोन्ही चुका टॅली निमूट स्वीकारते, नावे-जमा जुळले की तिचे काम झाले. कॅश क्रेडिटचे उलटे आहे. तिथे पुस्तकातली शिल्लक धरायची, बँकेच्या उताऱ्यातली नव्हे, कारण दिलेले पण न वटलेले चेकही आपल्या कर्जात मोडतात. बँक रिकन्सिलिएशन (पुस्तक आणि बँकेचा उतारा यांची जुळवणी) पूर्ण असेल तर हा फरक एका नजरेत कळतो, आणि टॅलीची ही सोय खरोखर उत्तम आहे.

आता गटांच्या चुका. टॅलीत तयार २८ गट मिळतात, १५ मुख्य आणि १३ उपगट, आणि नवे खाते उघडताना त्यांतला एक निवडावा लागतो. 'लोन्स' असे टाइप केले की लोन्स लायबिलिटी आणि लोन्स अँड अॅडव्हान्सेस अॅसेट अशी दोन्ही नावे समोर येतात. घाईत ट्रॅक्टर किंवा टेम्पोचे कर्ज दुसऱ्यात गेले तर ते मालमत्तेच्या बाजूला उणे होऊन बसते. ताळेबंद जुळलेलाच राहतो, दोन्ही बाजू फक्त तेवढ्याने बुटक्या होतात. तसेच कॅश क्रेडिटचे खाते बँक ओडीऐवजी बँक अकाउंट्समध्ये उघडले की ७५ लाखांचे कर्ज करंट अॅसेट्समध्ये उणे आकडा म्हणून दिसते, किंवा दुसऱ्या बँकेतल्या शिलकीत मिसळून दिसतही नाही. म्हणून तपशीलवार ताळेबंद उघडून दोन्ही बाजूंची उणे चिन्हे शोधायची, आणि बँकेच्या गटात प्रत्येक खाते वेगळे पाहायचे. बहुतेक उणे चिन्हांमागे एक तरी चुकीचा गट किंवा एक तरी दडलेले देणे निघते. दुरुस्ती सोपी आहे: गेटवेवरून आल्टर, मग लेजर, खाते निवडून 'अंडर' या ओळीत गट बदलायचा. जुनी सगळी व्हाउचर्स आपोआप नव्या जागी दिसतात, फेरनोंद लागत नाही. ही लवचीकता टॅलीची खरी ताकद आहे. मात्र गट बदलला की मागच्या वर्षांचे अहवालही बदललेले दिसतात, तेव्हा जुन्या सही झालेल्या ताळेबंदाची प्रत जपून ठेवावी.

डाव्या बाजूला सस्पेन्स अकाउंट किंवा 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' अशी ओळ दिसली तर पुढे काही मोजूच नये. आधी ती शून्य करावी. ती देणेही नाही आणि भांडवलही नाही, तेरीज (ट्रायल बॅलन्स) न जुळल्याची खूण आहे.

कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी एक खास गोष्ट. शेतकऱ्याचा बेदाणा आपल्या खोलीत ठेवला म्हणून तो आपला स्टॉक होत नाही, आणि त्याची किंमत आपले देणेही होत नाही. आवक-जावक ठेवण्यासाठी तो टॅलीत घ्यायचा असेल तर गोडाऊन उघडताना 'थर्ड पार्टी स्टॉक विथ अस' हा पर्याय होय करावा. साध्या गोडाऊनमध्ये खरेदी दाखवून माल घेतला की मालमत्ता आणि देणी दोन्ही कित्येक कोटींनी फुगतात. त्या मालावर शेतकऱ्याला बँकेने तारण कर्ज दिले असेल आणि कंपनीने हमी दिली असेल, तर ती हमी संभाव्य देणे म्हणून टिपेत येते, ताळेबंदाच्या बेरजेत येत नाही. जीएसटी किंवा आयकराच्या वादातली मागणी, बँक गॅरंटी, यांचेही तसेच. टॅलीत यांची जागाच नाही, वेगळी वही किंवा शीट ठेवावीच लागते.

अनुदानाचीही एक अडचण आहे. कोल्ड स्टोरेजला मिळणारे भांडवली अनुदान सरळ कॅपिटल अकाउंटमध्ये टाकलेले दिसते. हिशेब मानक १२ प्रमाणे ते यंत्र-इमारतीच्या किमतीतून वजा करता येते, किंवा पुढे ढकललेले उत्पन्न म्हणून वेगळे दाखवून दरवर्षी घसाऱ्याच्या प्रमाणात नफ्यात घेता येते. दोन्ही पद्धतींत एकूण देण्यांचा आकडा वेगळा येतो. कोणती पद्धत ते सीएने ठरवावे, आणि ठरले की दरवर्षी तीच ठेवावी.

धनकोंच्या वयाचा अहवाल चांगला आहे, अट एवढीच की खात्यांवर बिलवार तपशील चालू हवा. २०२१ नंतर कंपनीला व्यापारी देणी एक वर्षाच्या आतली, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरची अशी फोडून दाखवावी लागतात. सूक्ष्म-लघू उद्योगांची वेगळी, इतरांची वेगळी, वादातली वेगळी. आउटस्टँडिंग्ज, मग पेएबल्स, तिथे एफ ६ ने वयाचे टप्पे भरता येतात. पैसे देताना नोंद 'अगेन्स्ट रेफरन्स' न करता 'ऑन अकाउंट' ठोकून दिली असेल तर मात्र तीन वर्षांपूर्वीचे बिल अजून उघडे दिसते आणि देऊन झालेली रक्कम एकीकडे लोंबकळत राहते. एकूण आकडा बरोबर, फोड चुकीची. हे मार्चमध्ये दुरुस्त करायला बसले की आठवडा जातो, म्हणून रोजच्या रोज बिल निवडून नोंद करण्याचा हट्ट धरावा.

सूक्ष्म आणि लघू उत्पादकांचे देणे वेगळे काढणे ही आता निव्वळ औपचारिकता राहिलेली नाही. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा कायदा) पैसे देण्याची मुदत लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. तेही देणेच, आणि टॅली ते आपणहून धरत नाही. आयकर कायद्यात (तेव्हा १९६१ च्या कायद्याचे कलम ४३ब) १ एप्रिल २०२४ पासून आलेल्या तरतुदीने अशी मुदत टळलेली रक्कम प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच खर्चात धरता येते. कुपवाडचा खोकी बनवणारा लघू उत्पादक यात येतो. ४५ दिवसांवर थकले तर एमएसएमई-१ हा फॉर्म सहामाही भरावा लागतो, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत खात्यावर उद्यम नोंदणीचा (सूक्ष्म-लघू उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) तपशील भरायची सोय आहे. पुरवठादारांकडून प्रमाणपत्रे मागवून ती एकदाच भरून घ्यावी.

आलेला माल पण न आलेले बिल, हे मार्चअखेरचे ठरलेले दुखणे. स्टेटमेंट्स ऑफ इन्व्हेंटरीमध्ये परचेस बिल्स पेंडिंग हा अहवाल आहे, पण त्यात काही दिसायचे असेल तर माल घेताना रिसीट नोट (माल मिळाल्याची नोंद) टाकायला हवी. बहुतेक ठिकाणी बिल हातात आल्यावरच नोंद होते, मग अहवाल कोरा. गेटवरची आवक वही घेऊन मार्चचे शेवटचे दोन आठवडे ताडून पाहणे हाच भरवशाचा मार्ग.

साखर कारखान्यांच्या ताळेबंदात यातले बरेच वेगळे असते. तिथे उसाचे थकीत बिल हेच मोठे देणे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत द्यायचे, नंतर १५ टक्के व्याज. सहकारी कारखान्यांना कंपनी कायद्याची अनुसूची लागू नाही, त्यामुळे वरची मांडणी तिथे जशीच्या तशी चालवू नये.

कंपनीसाठी टॅली घेताना कोणती प्रत घ्यायची, हाही प्रश्न देण्यांशी जोडलेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहायला हवा आणि तो बंद करता येऊ नये. यासाठी टॅलीप्राइम एडिट लॉग ही वेगळी प्रत आहे, तीच वापरावी. वर्ष संपल्यावर एखादे देणे पुसून टाकले तर ते कुणी, कधी केले हे त्यात दिसते. एका संगणकावरचा सिल्व्हर परवाना २०२४ मध्ये २२,५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५० रुपयांना मिळत होता. घेताना चालू दर विचारून घ्यावा. पहिल्या वर्षानंतर नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयींसाठी वार्षिक नूतनीकरण वेगळे पडते. नुसते शिकायचे असेल तर एज्युकेशनल मोड फुकट आहे. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना व्हाउचर टाकता येते, पण वर सांगितलेले सगळे अहवाल उघडतात, त्यामुळे वरचे उदाहरण त्यात घालून पाहता येईल.

नोंदी शोधत आकड्याच्या मुळापर्यंत जाण्यात टॅलीच्या जवळपास येणारे दुसरे काही यार्डात दिसत नाही. ताळेबंदावरून गट, गटावरून खाते, खात्यावरून महिना, महिन्यावरून थेट व्हाउचर, सगळे एंटरच्या एका बटणावर. म्हणून खतावणीला पाचपैकी साडेचार. कंपनीची एकूण देणी सांगण्याच्या कामाला अडीच, आणि रेशो अॅनालिसिसला एक, तोही कॅश क्रेडिट नसलेल्या कंपनीसाठी.

शेवटची तपासणी ऑडिटनंतर. सीए ग्रॅच्युइटी, स्थगित कर, घसारा, हप्त्यांची फोड हे सगळे आपल्या एक्सेलमध्ये करून सही झालेला ताळेबंद देतात, आणि टॅलीतली शिल्लक जुनीच राहते. त्यांच्याकडून समायोजनाच्या नोंदींची यादी मागून त्या ३१ मार्चच्या तारखेने जर्नलमध्ये टाकाव्यात, मग तेरीज काढून सही झालेल्या प्रतीशी खाते-खाते ताडावी. हप्त्यांची फोड ही फक्त सादरीकरणाची बाब असल्याने तिची नोंद टाकायची नाही, बाकी सगळ्यांची टाकायची.